नाशिकसारख्या शहरात एकट्या गायक-वादकाला पैसे देणारे कार्यक्रम कुठून मिळतात?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : तुम्ही नाशिकमध्ये नोकरी सांभाळून गिटारवर हिंदी-मराठी गाणी गाता. दोन वर्षं कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या कॅफेंमध्ये ओपन माइक (कुणीही येऊन गावं असा खुला मंच) केलेत. टाळ्या मिळतात, रील्स चालतात, पण पाकीट काही हातात पडत नाही. पैसे देणारे कार्यक्रम कुठे शोधायचे, मानधन किती मागायचं, ट्रॅक (गाण्याचं आधी रेकॉर्ड केलेलं संगीत) लावून गायलं तर चालतं का आणि स्वतःची साउंड सिस्टीम घ्यावी का, असं तुम्ही विचारलंय.

आधी एक गोष्ट बाजूला काढतो. तुमच्या गाण्यात काही कमी आहे म्हणून पैसे मिळत नाहीत, असं तुमच्या प्रश्नातून तरी दिसत नाही. तुम्ही गाताय तिथे पैसे देणारा माणूसच बसलेला नसतो, ही खरी अडचण आहे. ओपन माइकला समोर बसतात ते दुसरे गायक आणि त्यांचे मित्र. कार्यक्रमासाठी खिशात हात घालतो तो सोसायटीचा सांस्कृतिक सचिव, कंपनीतली एचआरची बाई, रिसॉर्टचा मॅनेजर किंवा भावजयीचं डोहाळजेवण ठरवणारी नणंद. या मंडळींना उत्तम गायक हवा असतो असंही नाही. आपण ठरवलेली संध्याकाळ फसू नये, चारचौघांत आपली फजिती होऊ नये, एवढीच त्यांची काळजी असते. ती काळजी जो मिटवतो त्याला पैसे मिळतात.

दुसरं म्हणजे आपल्याकडे तुमची स्पर्धा मोठ्या गायकांशी नाही, हौशी मंडळींशी आहे. नाशिकमध्ये कराओके ग्रुप भरपूर आहेत आणि तिथले सभासद वर्गणी भरून गातात. ‘आमच्यातलेच एक जोशीकाका फुकट गातात की’ हे वाक्य तुम्हाला ऐकावंच लागणार. म्हणून ‘मी छान गातो’ हे विकायला जाऊ नका. दीड तासाचा कार्यक्रम सुरुवातीपासून शेवटपर्यंत सांभाळणं, वेळेवर सुरू करणं, मधे दोन शब्द बोलणं, आत्याला एक गाणं म्हणायचं असेल तर तिच्या पट्टीत साथ देणं, हे विका. जोशीकाका ते करू शकत नाहीत.

आता कुठे. तुमचा आवाज कोणत्या गाण्यांना शोभतो, शनिवार-रविवार सोडून वेळ मिळतो का, चारचाकी आहे का, यावर बरंच अवलंबून आहे. तरी माझ्या मते एकट्या कलाकाराचे नाशिकमधले खरे पैसे घरगुती समारंभांत आहेत. डोहाळजेवण, बारसं, साखरपुडा, हळद, मुंजीची संध्याकाळ, साठीशांत, पंचाहत्तरी, सहस्रचंद्रदर्शन. माणसं ४० ते १२०, जागा म्हणजे छोटं कार्यालय, सोसायटीचा हॉल किंवा गच्ची. तिथे ऑर्केस्ट्रा मावत नाही, परवडतही नाही, आणि डीजे आजीआजोबांना नको असतो. एक गिटार आणि एक आवाज तिथे नेमका बसतो.

या समारंभांत प्रत्येकाची गरज वेगळी, हे लक्षात घ्या. डोहाळजेवण दुपारी असतं, बायकांची संख्या जास्त, ओटी भरण्याचे आणि पेढा की बर्फी ओळखण्याचे कार्यक्रम मधेमधे चालू. तिथे सलग पंचेचाळीस मिनिटं गाऊन उपयोग नाही. दोन गाणी, मग विधी, पुन्हा दोन गाणी. पारंपरिक डोहाळे-पाळणे यांतली चार-पाच तरी पाठ हवीत, कारण ती घरातल्या बायकांना येतात आणि त्या बरोबर म्हणतात. तिथेच कार्यक्रम उभा राहतो. साठीशांत आणि पंचाहत्तरीचं उलट. तिथे सत्कारमूर्तींच्या विशी-पंचविशीतली गाणी लागतात. आज पंचाहत्तरीला आलेल्या माणसाचं कॉलेज १९७०च्या आसपासचं, म्हणजे साठ-सत्तरच्या दशकांतली हिंदी गाणी आणि आकाशवाणीवरची भावगीतं. तुमची ओपन माइकची यादी तिथे कामाची नाही. मुलीला किंवा सुनेला फोन करून ‘आईबाबांची आवडती पाच गाणी सांगा’ एवढं विचारलंत आणि ती पाच बसवून गेलात, की त्या घरातून पुढची दोन कामं हमखास निघतात.

लग्नात आणखी एक जागा आहे, तिच्याकडे तरुण गायक बघतच नाहीत : मंगलाष्टका. सुरात, स्पष्ट शब्दांत मंगलाष्टका म्हणणारा माणूस हल्ली बऱ्याच घरांना हवा असतो. काम जेमतेम वीस मिनिटांचं, पण मुहूर्ताचं, म्हणजे उशीर चालत नाही. गुरुजींशी आधी बोलून ठेवा, कोणत्या कडव्यानंतर ‘सावधान’ ते आणि शेवट कोण करणार ते. नवऱ्या-नवरीची, आईवडिलांची नावं गुंफून दोन कडवी रचून दिलीत तर त्याचे वेगळे पैसे मागता येतात. शार्दूलविक्रीडिताची चाल पक्की पाहिजे, नाहीतर ओळीत नाव कोंबल्यासारखं होतं.

सोसायट्यांचं गणित कॅलेंडरवर चालतं. गणपतीचे दहा दिवस, कोजागिरी, संक्रांतीचं हळदीकुंकू (ते रथसप्तमीपर्यंत चालतं), वर्षाअखेर. सचिवाला कार्यक्रमाच्या दीड-दोन महिने आधी गाठावं लागतं. गणपतीसाठी आषाढातच, कारण श्रावणात त्यांच्या मीटिंगा होऊन गेलेल्या असतात. नवीन वसाहती बघा : पाथर्डी फाटा, इंदिरानगर, गंगापूर रोडच्या पुढचा भाग. ज्या सोसायटीत अजून कुणाचं ‘आपलं माणूस’ ठरलेलं नाही तिथे शिरकाव सोपा.

कोजागिरीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण एकट्या कलाकारासाठी ती उत्तम रात्र आणि तिथेच घोळ होतो. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातले ठरावीक दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत असते, तिची यादी जिल्हा प्रशासन जाहीर करतं. कोजागिरी त्यात असेलच असं गृहीत धरू नका. आणि ‘माइक बंद केला की झालं’ असंही नाही, कारण नियमात वाद्यंसुद्धा आलीत. चंद्र दुधात दिसेपर्यंत गाणं चालवायचा सचिवांचा बेत असतो आणि सव्वादहाला शेजारच्या बिल्डिंगमधून पोलिसांना फोन जातो. म्हणून बोलणी करतानाच सांगा : साडेसातला सुरू, पावणेदहाला शेवटचं गाणं, मग दूध. लोक जेवून उशिरा येतात अशी तक्रार येईल. त्यावर उपाय असा की पहिला अर्धा तास मुलांना द्या. पोरं स्टेजवर आली की आईबाप आपोआप वेळेवर येतात.

कंपन्यांकडे वळू. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत फॅमिली डे, दसऱ्याची खंडेनवमीची पूजा, ८ मार्चचा महिला दिन हे ठरलेले. पण नाशिककरांनी २७ फेब्रुवारी विसरू नये. कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. बँका, विमा कार्यालयं, शाळा-कॉलेजं, सरकारी कचेऱ्या या सगळ्यांना त्या दिवशी तासाभराचा मराठी कार्यक्रम हवा असतो आणि तोही कामाच्या वेळेत, छोट्या सभागृहात. एका दिवसात सकाळी एक, दुपारी एक असे दोन कार्यक्रम सहज होतात. कविता आणि गाणी मिळून पन्नास मिनिटांचा कार्यक्रम बांधून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात चिठ्ठ्या पाठवा. १४ ते २८ जानेवारी मराठी भाषा संवर्धन पंधरवडाही असतो, तोच कार्यक्रम तिथेही चालतो. सरकारी ठिकाणी मानधन कमी आणि उशिरा, पण नाव होतं आणि पत्र मिळतं. ते पत्र पुढच्या बँकेत दाखवायला कामाला येतं.

गंगापूर धरणाच्या अंगाला असलेल्या वाइनरी, सुला, यॉर्क, सोमा वगैरे, आणि त्र्यंबक रोड-इगतपुरीची रिसॉर्ट्स, हा वेगळा बाजार. गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचं, शनिवार-रविवारचं. हिंदी-इंग्रजी गाणी जास्त, आवाज मंद, लोक गप्पा मारत असतात आणि तुम्ही पार्श्वभूमीला असता. टाळी पडली नाही म्हणून खट्टू होणाऱ्याने तिकडे जाऊ नये. तिथे मॅनेजरला सलग अडीच-तीन तास चालणारी यादी हवी असते, चाळीस गाणी तरी, आणि वेळेचा काटेकोरपणा. एकदा बसलात की महिन्याचे दोन-तीन वीकएंड पक्के होतात, हा त्यातला फायदा. मात्र मॅनेजर बदलला की गायक बदलतो.

कॅफेंचं थोडक्यात : तिथे पैसे कमी, पण ती तुमची शोकेस आहे. ‘कॉफी-सँडविच फ्री’वर गाणं आता थांबवा. त्याऐवजी एका कॅफेला एका महिन्याचे चार शुक्रवार ठरावीक रकमेत द्या आणि टेबलावर तुमचं कार्ड ठेवायची परवानगी घ्या. ‘जेवढी गर्दी तेवढे पैसे’ या बोलीवर जाऊ नका. गर्दी जमवणं हे कॅफेचं काम. पाडवा पहाट, दिवाळी पहाटचे मोठे मंच, पिंपळपारसारखे, हे एकट्या नवख्यासाठी नाहीत. तिथे शिरायचं तर साथीदार म्हणून, गिटार घेऊन. त्या जगातले साउंडवाले आणि निवेदक यांच्याशी ओळख होते ती मात्र सोन्यासारखी.

आता या लोकांपर्यंत पोचायचं कसं. यजमानांच्या मागे लागण्यापेक्षा त्यांच्याआधी ज्यांना फोन जातो त्यांच्या मागे लागा : कार्यालयाचे आणि लॉन्सचे मॅनेजर, डेकोरेशनवाले, केटरर, फोटोग्राफर, मेकअप करणाऱ्या ताई आणि साउंडवाला. डोहाळजेवणाचा झोपाळा सजवणारी बाई महिन्याला कितीतरी घरांत जाते. तिला प्रत्यक्ष भेटा, दुपारी तीन ते पाचच्या मधे, लग्नाची तारीख नसलेल्या दिवशी. नंतर व्हॉट्सॲपवर एवढंच पाठवा :

‘नमस्कार ताई, मी अमुक. काल भेटलो होतो. डोहाळजेवण, बारसं, साठी यांसाठी गिटारवर मराठी-हिंदी गाण्यांचा एक ते दीड तासाचा कार्यक्रम करतो. स्पीकर-माइक माझाच असतो, जागा सहा बाय चार फूट पुरते, पंधरा मिनिटांत लावून होतं. सोबत एक मिनिटाचा व्हिडिओ. कुणी विचारलं तर माझा नंबर जरूर द्या.’

यात जागा आणि वेळ लिहिलीय ती मुद्दाम. तुमच्यामुळे झोपाळा हलवावा लागेल का, हाच त्या ताईंचा पहिला प्रश्न असतो.

तो व्हिडिओ स्टुडिओत केलेला नको. खऱ्या कार्यक्रमाचा हवा, ज्यात समोरची माणसं दिसतात, कुणी बरोबर गातंय, टाळी वाजवतंय. साठ ते नव्वद सेकंद, तीन तुकडे : एक जुनं हिंदी, एक मराठी, एक नाचायला लावणारं. फोन स्पीकरच्या समोर न ठेवता दोन-तीन रांगा मागे ठेवा, नाहीतर आवाज फाटतो. अजून तसा कार्यक्रमच झाला नसेल तर नात्यातली किंवा ऑफिसमधली एक साठी शोधा आणि ती एक फुकट करा, पण ‘व्हिडिओ काढू द्याल आणि गुगलवर चार ओळी लिहाल’ या अटीवर. गुगल बिझनेस प्रोफाइल फुकट निघतं; ‘नाशिक लाइव्ह सिंगर’ शोधणारा माणूस तिथेच येतो. स्टारक्लिंच, वेडमीगुडसारख्या साइट्सवर नाव घालायला हरकत नाही, पण छोट्या घरगुती कार्यक्रमांसाठी त्यांच्यावर विसंबू नका.

इव्हेंटवाल्यांमार्फत काम आलं तर ‘माझ्या हातात किती’ एवढंच ठरवा; ते यजमानांना किती सांगतात हा त्यांचा प्रश्न. त्यांच्या कार्यक्रमात आपलं कार्ड वाटायचं नाही, कुणी नंबर मागितला तर त्यांचाच द्यायचा. हा नियम मोडणाऱ्याचं नाव नाशिकमध्ये पंधरा दिवसांत सगळ्यांना कळतं.

मानधनाचा आकडा हवेतून काढू नका. इंदिरानगरातलं एक डोहाळजेवण धरा. फोन-निरोप एक तास, फर्माईशीची गाणी बसवायला तीन तास, जाणं आणि लावणं दोन तास, कार्यक्रम दोन तास, आवरून परत एक तास. झाले नऊ तास. तासाला ५०० रुपये धरले तर ४,५००. रिक्षा किंवा पेट्रोल, तारा, मदतीला एक पोरगा मिळून १,०००. सिस्टीम चाळीस हजारांची आणि ती ऐंशी कार्यक्रम चालेल असं धरलं तर दर वेळी तिची झीज ५००. म्हणजे ६,००० ही तुमची तळरेषा. याच्या खाली गेलात तर पदरमोड. माझ्या पाहण्यात नाशिकमध्ये कॅफे दीड ते तीन हजार, घरगुती कार्यक्रम स्वतःच्या सिस्टीमसह पाच ते बारा, रिसॉर्ट चार ते आठ, कंपनी बारा ते पंचवीस हजार, असं साधारण चालतं. लग्नाच्या दाट तिथीला जास्त, पितृपक्षात कमी.

फोनवर आकडा विचारला की लगेच सांगू नका. तारीख, जागा, माणसं किती, साउंड कुणाचा, किती वेळ, हे पाच प्रश्न आधी. मग घासाघीस होणारच. तेव्हा दर कमी करू नका, काम कमी करा.

‘आमचं बजेट पाच हजारच आहे हो.’

‘चालेल ताई. पाच हजारांत एक तास करू, फर्माईशी दोन घेऊ. दीड तास आणि बाबांची पाचही गाणी हवी असतील तर साडेसात होतील. तुम्ही सांगा.’

बहुतेक वेळा साडेसातच ठरतात. नाही ठरले तरी पाच हजारांना पाच हजारांचंच काम होतं आणि पुढच्या वेळी तुमचा दर कोसळलेला नसतो.

ठरलं की निम्मा बयाणा यूपीआयवर, आणि त्याशिवाय तारीख अडकवायची नाही. उरलेले कार्यक्रम सुरू होण्याआधी. नंतर मागायला गेलात तर यजमान पाहुण्यांना निरोप देण्यात, मामा केटररशी हिशेब करण्यात, आणि तुम्ही गिटार पाठीला लावून दाराशी उभे. व्हॉट्सॲपवर एक संदेश पुरतो : तारीख, सुरू-संपण्याची वेळ, एकूण रक्कम, बयाणा मिळाला, पुढच्या अर्ध्या तासाचे इतके, सात दिवसांच्या आत रद्द झालं तर बयाणा परत नाही, घरच्यांची गाणी तीन. हे शेवटचं नक्की लिहा. नाहीतर काका माइक सोडत नाहीत आणि तुमचा दीड तास तीन तासांचा होतो.

साउंड सिस्टीम घ्यावी का? घरगुती कार्यक्रम करायचे तर हो, कारण ‘सगळं माझंच’ हे वाक्य विकलं जातं. पण पहिले पाच-सहा कार्यक्रम भाड्याने करा, मग घ्या. ८० माणसांच्या हॉलला दहा इंची एक पॉवर्ड स्पीकर (ॲम्प्लिफायर आतच असलेला) स्टँडवर पुरतो. गच्ची-लॉन्सची कामं जास्त असतील तर बॅटरीवर चालणारा घ्या. लॉन्सवर लाइट जाऊन जनरेटर सुरू होईपर्यंतच्या दहा सेकंदांत बाकी सगळ्यांचं बंद पडतं, तुमचं गाणं चालू राहतं. माइक साधा डायनॅमिक, शुअर एसएम ५८ किंवा त्याच जातीचा. छोटा चार चॅनेलचा मिक्सर, केबलींचे दोन संच, पाच मीटरची एक्स्टेंशन, चिकटपट्टी, तारांचा जादा संच, ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या.

कार्यालयाची ‘आमच्याकडे साउंड आहे’ ही थाप नसते, पण तो साउंड कसला ते बघून घ्या. बहुतेक ठिकाणी अहुजाचा ॲम्प्लिफायर आणि भिंतीवर उभे कॉलम असतात, ते सूचना द्यायला बनवलेले. मागचे माइक इनपुट कित्येकदा साध्या मोठ्या जॅकचे असतात, त्यामुळे एक्सएलआर (माइकची तीन पिनांची जोडणी) ते ६.३ मिमी जॅक अशी एक केबल बॅगेत कायम ठेवा. गिटार थेट त्या माइक इनपुटला लावली तर आवाज फाटका आणि पातळ येतो, कारण ते इनपुट गिटारच्या पिकअपसाठी (तारांचा आवाज टिपणाऱ्या भागासाठी) नाही. माइक-गिटार आपल्या मिक्सरमध्ये घ्या आणि मिक्सरमधून त्यांच्या ‘ऑक्स’ला, म्हणजे बाहेरचं यंत्र जोडायच्या इनपुटला, द्या; तिथे आरसीए पिन लागते, तीही बॅगेत हवी. शिट्टी वाजायला लागली तर आधी बघा की स्पीकर तुमच्या पाठीमागे तर नाही. तो तुमच्या पुढे, माइकच्या रेषेच्या बाहेर हवा. गिटार घुमत असेल तर मिक्सरवर खालचा स्वर, म्हणजे ‘लो’, कमी करा आणि गिटारच्या भोकाला रबरी झाकण लावा. फोनवरून ट्रॅक लावल्यावर गुणगुण ऐकू आली तर फोनचा चार्जर काढा, बहुतेकदा तोच कारण असतो.

ट्रॅकचा प्रश्न त्यालाच जोडून. चालतं, पण किती आणि कुठे ते बघा. नाचायच्या गाण्यांना आणि वाद्यवृंदाशिवाय ओकंबोकं वाटणाऱ्या जुन्या गाण्यांना जरूर लावा. एकूण कार्यक्रमाच्या तिसऱ्या हिश्श्यापलीकडे गेलात की यजमानांना वाटतं, मग कराओकेवाले जोशीकाका काय वाईट होते. आणि आधी सांगून ठेवा. ट्रॅक फोनमध्ये उतरवलेले हवेत, यूट्यूबवरून थेट नकोत; ऐन अंतऱ्यात जाहिरात लागली की पूर्ण हॉल हसतो. फोन विमान मोडवर. ट्रॅक स्टीरिओ असतो, एकच बाजू मिक्सरला दिलीत तर कधी बासरी गायब, कधी तबला. दोन्ही बाजू द्या किंवा आधी मोनो करून घ्या, म्हणजे दोन्ही बाजू एकत्र.

गाण्यांच्या हक्कांबद्दल : दुसऱ्यांची गाणी सार्वजनिक जागी गाताना आयपीआरएसचा (गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणारी संस्था) परवाना लागतो, पण तो काढणं हे हॉटेल किंवा आयोजकाचं काम, तुमच्या मानधनातून कापायची गोष्ट नाही. रेकॉर्ड केलेलं संगीत वाजवण्याचे परवाने वेगळे असतात. लग्न आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे. कंपनी किंवा हॉटेलशी बोलताना ‘परवाने आयोजकांकडे’ अशी एक ओळ टाकून मोकळे व्हा.

कंपन्या पैसे बिलाशिवाय देत नाहीत. पॅन, बँकेचा तपशील आणि साधं बिल तयार ठेवा. जीएसटी नोंदणी सेवांसाठी वर्षाला २० लाखांच्या उलाढालीपर्यंत लागत नाही, त्यामुळे त्यांच्या अकाउंट्सने नंबर मागितला तर तसं लिहून द्या. १० टक्के टीडीएस कापला असेल तर तो आयकराच्या पोर्टलवर तुमच्या नावावर जमा दिसतोय ना, हे बघत राहा, कारण पैसे ३० ते ४५ दिवसांनी येतात आणि तोवर कापलेल्याचा विसर पडतो. तुम्ही नोकरीत आहात, तेव्हा नेमणूकपत्रात बाहेरच्या उत्पन्नाबद्दल काय अट आहे तेही पाहून घ्या. काही कंपन्यांत नुसती लेखी कल्पना दिली तरी भागतं, काही ठिकाणी परवानगी लागते. ती घ्यायची तर पहिला मोठा बयाणा यायच्या आधीच घ्या.